येळवसेच्या पिशवीतलं काय ठेवायचं, काय नाही

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सासरच्या शेतात गेलो होतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. दोघांनी दिवसभर हिंडून पिशवी भरली : गुंजा, शिरीषाच्या शेंगा, मोराची दोन पिसं, सुगरणीचं घरटं, गोगलगायींचे शंख, चमकणारे पांढरे दगड. घरी आल्यावर सगळं प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं. महिन्याभरात शेंगांवर पांढरी बुरशी आली, बियांना भोकं पडली, डबा उघडला की वास येतो. सासूबाई म्हणतात फेकून दे. मुलगी एकही वस्तू टाकू देत नाही. काय ठेवावं, कसं ठेवावं, आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर :

ताई, आधी उठून डबा बाहेर अंगणात न्या, नाकाला फडकं बांधून उघडा आणि त्यातल्या गुंजा वेगळ्या काढा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा. घरात चार वर्षांचं लेकरू आहे म्हणून हे पहिलं काम.

गुंजेच्या बीत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. बीचं कवच इतकं टणक असतं की अख्खी गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते. म्हणूनच ‘आम्ही लहानपणी गुंजांनीच खेळलो, काही झालं नाही’ असं सांगणारं माणूस प्रत्येक घरात भेटतं. त्यांचं खोटं नसतं, पण चावलेली, ठेचलेली किंवा भोक पाडलेली गुंज वेगळी. माळ करायची म्हणून मुलं तापवलेल्या सुईने तिला भोक पाडतात, तेव्हा ते कवचच फुटतं. आतली भुकटी बोटांना लागते आणि बोट तोंडात जातं. पूर्वी सोनाराच्या तराजूत गुंज वजन म्हणून चालायची, ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, त्यामुळे आपल्या घरांत तिची ओळख सोन्याशी जोडलेली आहे. विषाची ओळख मागे पडली. तुमचा मुलगा मोठा होईपर्यंत गुंज घरात नको, बाटलीतसुद्धा नको. कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्या. अंगणात फेकू नका.

कधी मुलाने बी चावल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. उरलेल्या बिया कागदात घ्या, १०८ला फोन करा आणि दवाखाना गाठा. उलट्या-जुलाब कित्येक तासांनी सुरू होऊ शकतात. तेव्हा ‘आता तर खेळतोय’ म्हणून घरी थांबू नका.

गुंजेइतकीच काळजी आणखी चार बियांची घ्या. एरंडाची ठिपक्याठिपक्यांची बी, पिवळ्या कण्हेरीचं त्रिकोणी टणक फळ, धोतऱ्याचं काटेरी बोंड आणि चंद्रज्योत. चंद्रज्योतीला मोगली एरंडही म्हणतात. बांधावर आणि शाळांच्या कुंपणाला ती सर्रास लावलेली असते. तिची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. एका मुलाने खाल्ली की बाकीची खातात, आणि म्हणूनच शाळेतल्या पोरांना एकदम विषबाधा झाल्याच्या बातम्या येत राहतात. आपल्या भागात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे पेरणीचं रंगीत बियाणं. पिशवीतून सांडलेलं गुलाबी, लाल, निळसर सरकीचं किंवा सोयाबीनचं बी बांधाला, आखाड्याच्या (शेतातल्या घराच्या) ओट्याखाली पडलेलं असतं. मुलांना ते मणी वाटतात. तो रंग शोभेचा नाही. कीडनाशक-बुरशीनाशक लावलंय हे कळावं म्हणून दिलेला असतो. रंगीत बी दिसलं की हात लावायचा नाही, हे मी मुलांना सगळ्यात आधी शिकवतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. घरात काय ठेवायचं हे शेतातच ठरलं पाहिजे. वस्तू एकदा घरी आली, डब्यात गेली, मुलाने तिला नाव दिलं की मग ती काढून घेणं म्हणजे भांडण. त्यापेक्षा निघायच्या आधी झाडाखाली पंचा अंथरा, सगळी पिशवी त्यावर रिकामी करा आणि मुलांसोबत बसून निवड करा. माझ्यासोबत येणाऱ्या मुलांना मी एवढंच विचारतो : हे आपोआप पडलेलं आहे का? पूर्ण सुकलंय का? इथे याच्यासारखं अजून भरपूर आहे का? तिन्हीला ‘हो’ आलं तर घे, आणि प्रत्येक प्रकारातलं एकच घे. एक शेंग, एक दगड. दहा शेंगा आणल्या की एकही नीट बघितली जात नाही. बाकीचं तिथेच ठेवायचं, आणि ते ठेवण्याचं काम मुलाच्याच हाताने होऊ द्या. तुमच्या लेकीला कदाचित पहिल्यांदा रडू येईल, पण पुढच्या खेपेला ती स्वतःच निवडू लागते, हे मी फार मुलांत पाहिलंय.

यात कायद्याचाही भाग आहे. आपल्या मराठवाड्यात जंगल थोडं आहे, त्यामुळे कुटुंबं फिरायला जातात ती बहुतेक शेतात, ओढ्याकाठी, गायरानात, नाहीतर मोजक्या अभयारण्यांत. कन्नडकडचं गौताळा औट्रमघाट, पैठणचं जायकवाडी, पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य, येडशीचा रामलिंग घाट, नांदेडकडे पैनगंगा. अभयारण्यातून काहीही आणायचं नाही. वाळलेली शेंग नाही, पीस नाही, दगडही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तशी मनाईच आहे. लोणार तर विदर्भात, पण जालना-संभाजीनगरची निम्मी मंडळी सुट्टीत तिकडेच जातात. ते सरोवर अभयारण्यात येतं, आणि उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेला असा खड्डा जगात दुर्मीळ आहे. तिथल्या खड्याला हात लावू नका. अजिंठा-वेरूळ, देवगिरीचा किल्ला इथेही तोच नियम. शेतातून आणायचं तर मालकाला विचारून. सासरचं शेत असलं तरी मुलीला आजोबांना विचारायला लावा. ‘ही शेंग नेऊ का?’ हे विचारायची सवय तिथे लागली की ती कुठेही टिकते.

मोराची पिसं ठेवलीत तरी चालेल. मोर कडक संरक्षणातला पक्षी आहे, पण त्याच्या शेपटीची आपोआप गळलेली पिसं जवळ ठेवायला कायद्यात सूट आहे. देशाबाहेर मात्र नेता येत नाहीत. पावसाळा सरत आला की मोर पिसं गाळतो. पिसाचं खालचं टोक बघा. गळलेल्या पिसाची नळी पांढरट, स्वच्छ आणि पोकळ असते. उपटलेल्या पिसाच्या टोकाला वाळलेलं रक्त किंवा कातडीचा तुकडा चिकटलेला दिसतो. असं पीस दिसलं तर उचलू नका, आणि कुणी विकत देऊ लागलं तरी घेऊ नका. घुबड, घार, शिक्रा, निळकंठ अशा कुठल्याही रानपक्ष्याचं पीस घरी आणायचं नाही. तिथेच जमिनीवर ठेवून फोटो काढा, शेजारी मुलीचा हात ठेवा म्हणजे मापही कळतं. पिसाचीच आवड असेल तर घरच्या कोंबडीची पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवून द्या, शिकायला ती पुरेशी आहेत. साळिंदराचे काटे, कासवाची पाठ, घोरपडीचं कातडं, हाडं, दात, अंडी यांतलं काहीही नको. मेलेला रानप्राणीसुद्धा कायद्याने सरकारी मालमत्ता आहे.

मेलेल्या पक्ष्याला तर काठीनेही ढोसू नका. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये आणि जानेवारी २०२५मध्ये उदगीरला कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. दोन्ही आपल्याच भागातल्या घटना. एका जागी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर मुलांना तिथून मागे घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

सुगरणीच्या घरट्याबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला ही घरटी लोंबत असतात आणि वीण पावसाळ्यात होते. झाडावरचं घरटं रिकामं दिसलं तरी काढू नका. पुढे मुनियांसारखे छोटे पक्षी त्यात रात्री निवाऱ्याला येतात. वाऱ्याने खाली पडलेलं असेल तर ठीक. तुमचं घरटं लांब नळीचं आहे की नुसता वरचा घुमट आणि मधे आडवा गोफ असलेलं आहे, ते बघा. अर्धवट घुमट असेल तर मुलीला नक्की दाखवा. नर तेवढं बांधून थांबतो आणि मादीला दाखवतो. तिला पसंत पडलं तरच पुढची खोली आणि नळी विणली जाते. आत बोट फिरवलंत तर भिंतीला चिकटवलेले वाळल्या चिखलाचे गोळे लागतील. ते नरानेच आणून लावलेले असतात. एक पात घेऊन ती किती वेळा ओवली आहे हे भिंगाने मोजायला मुलीला सांगा, संध्याकाळ जाईल.

पण घरट्यात बारीक किडे, पिसवा असतात. म्हणून ते आधी मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. मावत नसेल तर घरात आणूच नका. ओसरीला, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी टांगा. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, दर वेळी.

शंखांचं पाहू. हे मराठवाड्यात फार लक्ष देऊन करायचं काम झालंय. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, हे तुमच्या सासरच्यांना विचारा, ते सांगतील. शंख रिकामा आहे असं आपल्याला वाटतं, पण गोगलगाय उन्हाळा-हिवाळ्यात अंग आत ओढून घेऊन शंखाच्या तोंडावर पांढरट पातळ पडदा धरते आणि महिनोन् महिने निजून राहते. पाणी मिळालं की जागी. तो पडदा दिसला, किंवा शंख हाताला जड लागला तर आत जीव आहे. असा शंख लातूरच्या बाल्कनीत आणला की पहिल्या पावसात ती कुंड्यांत फिरते, आणि तिथून शेजारच्या बागेत. तेव्हा डब्यातले शंख एकेक उजेडात धरून बघा. वास येतोय तो बहुधा यातल्याच एखाद्याचा, आतली गोगलगाय मेली असणार. पूर्ण पोकळ, हलका, कोरडा शंख तेवढा ठेवा. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा. बाकीचे बंद पिशवीत कचऱ्यात. जिवंत गोगलगायीला मुलांनी उघड्या हाताने धरू नये, तिच्या चिकट स्रावातून माणसाला अपाय करणारे कृमी येऊ शकतात. पावसाळ्यात बांधाला गोगलगायींसाठी विषारी गोळ्याही टाकलेल्या असतात. त्या काळात चार वर्षांच्या मुलाला बांधावर मोकळं सोडू नका.

दगडांची काळजी सगळ्यात कमी आणि आनंद सगळ्यात जास्त. मराठवाड्याची जमीन जवळजवळ सगळी दख्खनच्या लाव्हाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून पाणी झिरपत राहिलं तेव्हा आत स्फटिक वाढले. तुमचे पांढरे दगड त्या पोकळ्यांतले आहेत. घरीच ओळखायचं असेल तर दगडाच्या धारेने जुन्या काचेच्या तुकड्यावर तुम्ही स्वतः रेघ ओढून बघा. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटीच्या जातीचा, म्हणजे सिलिकाचा. ओरखडा उठला नाही आणि लिंबाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट. दोन्ही नाही आणि मोत्यासारखी झाक आहे, पात्या मधे आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारख्या दोन्ही टोकांना पसरल्या आहेत, तर तो बहुधा स्टिलबाइट, झिओलाइट कुळातला. आमच्या भागातला सगळ्यात देखणा दगड माझ्या मते हाच.

हे शोधायला उत्तम जागा म्हणजे नव्या विहिरीतून काढून टाकलेला मुरूम-दगडांचा ढीग. विहिरीच्या काठापासून दूरची बाजू, आणि मालकाची परवानगी. खडी केंद्राच्या खदानीत मुलांना कधीही नेऊ नका, तिथे सुरुंग असतात, कडे ढासळतात आणि साचलेल्या पाण्याचा तळ लागत नाही. दगड फोडायचा असेल तर मोठ्या माणसाने, चष्मा लावून, फडक्यात गुंडाळून. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड घालून दगड चमकवतात, ते अजिबात नको. वाफेने मुलाच्या छातीला त्रास होतो, आणि कॅल्साइट-झिओलाइट विरघळून खराब होतात. झिओलाइटच्या रचनेतच पाणी असतं, म्हणून चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलं की काही प्रकार पांढुरके पडतात, भुगा होतात. सुईसारख्या बारीक स्फटिकांचा गुच्छ मिळाला तर झाकणाच्या डबीत ठेवा. त्या सुया बोटात मोडतात, त्यांची धूळ फुंकू नका.

दगड उचलायचा एकच नियम लक्षात ठेवा : डोळ्याला दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. दगड आधी काठीने हलवा. मग दूरची कड धरून स्वतःच्या दिशेने उचला, म्हणजे खालचं तोंड तुमच्यापासून पलीकडे उघडतं आणि विंचू असो की फुरसं, त्याला पळायला वाट मिळते. पाहून झालं की दगड होता तसा पुन्हा ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर आहे. कडब्याच्या गंजीत, जुन्या ताटव्यांच्या ढिगात मुलांनी हात घालू नये, पायात बूट हवेतच. विंचू चावलाच तर कापाकापी, मंत्र, दोरी आवळणं यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना. लहान मुलाला घाम सुटणं, हातपाय गार पडणं, सारखी उलटी ही धोक्याची खूण. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायचं काम जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. उपचार आहे, फक्त मूल वेळेत पोचलं पाहिजे.

आणखी काही झाडं मुलांना आधीच ओळखीची करून द्या : खाजकुयलीची लव असलेली शेंग, रुईचा चीक (डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा), किनवटच्या बाजूला बिब्बा, आणि सगळीकडे माजलेलं गाजर गवत. येळवसेच्या सुमाराला हरभऱ्या-तुरीवर घाटेअळीसाठी फवारणी होते. डहाळे सोलून खायच्या आधी, फुलं गोळा करायच्या आधी ‘औषध कधी मारलं?’ हे शेतात विचारा. आणि भज्जी-आंबिलीच्या पंगतीला बसण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुतले जाऊ द्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही.

तुमच्या शेंगांना बुरशी का आली हे आता ध्यानात आलं असेल. बाहेरून वाळलेली शेंग आतून ओली होती आणि प्लास्टिकच्या डब्यात ती ओल कोंडली. बुरशी लागलेल्या शेंगा टाकून द्या. डबा घरात उघडू नका, बाहेर अंगणात, नाकाला फडकं बांधून, मुलांना लांब ठेवून उघडा. बियांची भोकं हे भुंगेऱ्यांचं काम. शिरीषाच्या शेंगेत तो भुंगा शेंग झाडावर असतानाच अंडी घालतो, अळी बीच्या आत वाढते आणि गोल भोक पाडून बाहेर पडते. तुमच्या डब्यात तो बाहेरून आला नाही, शेंगेसोबतच आला. भोक पडलेली एक बी ठेवाच, शेजारी भुंगाही सापडला तर तोही. शिरीष काय असतो हे त्या दोन्हींमुळे कळतं.

पुढच्या वेळी असं करा. शेतात प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, कापडी न्या, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या करून ठेवा. एका पुडीत एक वस्तू. घरी आल्यावर सुपात किंवा पेपरवर पसरून पंख्याखाली सावलीत आठवडाभर वाळवा. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. मग शेंगा, बिया, सालीचे तुकडे जाड पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरच्या तळाशी ठेवा. एका दाराच्या घरगुती फ्रीजमध्ये थंडी कमी पडते म्हणून मी दोन आठवडे ठेवतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं आणि केलेली वाळवण वाया जाते. पानं वहीत न घालता पेपरच्या घड्यांत ठेवून वर जड पाट ठेवा, आणि पहिले चार-पाच दिवस रोज पेपर बदला. पेपर न बदलल्यानेच पानं काळी पडतात.

ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, काड्यापेटीची रिकामी पेटी, काचेच्या छोट्या बाटल्या, अंड्यांचा ट्रे, सगळं चालतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात डब्यात टाका, पण धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. डांबरगोळ्या मात्र वापरू नका. लहान मुलं त्या गोळी समजून तोंडात घालतात, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मजात असा दोष असतो की त्यांना त्या गोळ्यांनी रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होते. डबा स्वयंपाकघरापासून, डाळीच्या कोठीपासून लांब ठेवा. दर महिन्याला उघडून बघा, तळाशी पिठासारखी भुकटी दिसली तर ती वस्तू पुन्हा फ्रीजरमध्ये.

आणि चिठ्ठी. हे न करता मी एकही वस्तू घरात येऊ देत नाही. कागदाच्या छोट्या तुकड्यावर पेन्सिलने (शाई ओल लागली की पसरते) गावाचं नाव, शिवार, तारीख, कशाखाली सापडलं, कुणाला सापडलं. ‘शिरीषाची शेंग’ एवढं लिहून भागत नाही, ‘आजोबांच्या आखाड्यामागचा शिरीष, येळवस, झाडावर अजून पुष्कळ शेंगा होत्या’ असं हवं. अशा नोंदी चार वर्षं साठल्या की शेंगा यंदा लवकर वाळल्या का, घरटी कमी झाली का, हे घरबसल्या दिसायला लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या आणि त्यांतून आज तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. वस्तू कुठून आली हे माहीत असलं की तिच्यातून इतिहास वाचता येतो.

तेरवरून आठवलं. आपल्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, तेर-पैठणच्या परिसरात तर विशेष, नांगरटीनंतर मणी, खापरं, नाणी वर येतात. ती शेंगांच्या डब्यात घालू नका. जागेवरच फोटो काढा आणि तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नदीकाठी दगडासारखं जड झालेलं हाड दिसलं तरी तसंच. मांजरा खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीजवळ हत्ती आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत, तेव्हा मुलीला सापडलेलं हाड बैलाचंच असेल असं समजू नका. उकरू नका. फोटो, जागेची खूण, आणि विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला निरोप.

राहिला मुलीचा हट्ट. ती एकही वस्तू टाकू देत नाही म्हणता, तर तिला ‘टाकू’ हा शब्द ऐकवू नका. बुरशीच्या शेंगा आणि गुंजा जाण्याआधी तिला त्यांचं चित्र वहीत काढू द्या, गुंजेच्या चित्राखाली तिच्याच अक्षरात ‘विषारी’ लिहून घ्या, धाकट्यालाही ते तीच सांगेल. चांगले शंख-दगड तिच्यासोबत धुवा, घरटं ती सांगेल तिथे ओसरीला टांगा. शिरीषाच्या ज्या बियांना भोक नाही त्या वेगळ्या काढा. मृगाच्या आधी त्यांवर गरम पाणी ओता, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी फुगलेल्या तेवढ्या सासऱ्यांच्या बांधाला तिच्या हाताने लावा. न फुगलेल्यांवर पुन्हा एकदा गरम पाणी.